गैरहजरांनी हात वर करा

"जे आले नाहीत त्यांनी हात वर करा," धैर्यशील सर म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो.

सांगलीतलं आमचं ऑफिस म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि सात माणसं. आम्ही वेबसाइटी बनवायचो. रोज सकाळी साडेनऊला उभ्या उभ्याच पाच मिनिटांची बैठक व्हायची, आणि तिची सुरुवात सरांच्या याच वाक्यानं. त्यांच्या लहानपणीचे एक मास्तर हजेरी घेताना असं म्हणायचे म्हणे.

"हं, त्रिशला, मिल्क बँकेच्या साइटचं काय?"

"आज दहावा दिवस, सर. बावीस दवाखाने जोडलेत. एकही तक्रार नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"बघा रे," सर बाकीच्यांना म्हणाले, "बाळंतपणाच्या रजेवरून येऊन दोन महिने नाही झाले पोरीला. शिका काहीतरी."

मला बरं वाटलं. आर्वी तेव्हा आठ महिन्यांची होती. सकाळी निघताना ती माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरायची आणि सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, ते टोक एकेक दाणा सोलावा तसं हळूच सोडवून घ्यायच्या. जिना उतरताना मला मागून तिचं रडणं ऐकू यायचं. दिवसभरात कुणी एकदा जरी शाबास म्हणालं, तर त्या रडण्याची काहीतरी भरपाई झाल्यासारखं वाटायचं.

साडेदहाच्या सुमाराला माझी छाती भरून यायची. स्टेशनरीच्या खोलीत मी कडी लावून बसायची आणि पंपानं दूध काढायची. तिथं खोकी, मोडक्या खुर्च्या, शाईच्या बाटल्या. एक स्टूल माझं. त्या दिवशी तशीच बसले होते आणि साइटच्या मदतीसाठी दवाखान्यांना नंबर दिलेला मोबाइल वाजला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"हॅलो, मिल्क बँकेचं हाय काय हे?"

"त्यांच्या वेबसाइटचं ऑफिस आहे. बोला."

"मी महादेवी सिस्टर बोलते, हिरेमळच्या सरकारी दवाखान्यातनं. तक्रार नाही ओ माझी, आधीच सांगते. नुसतं विचारायचं होतं."

"विचारा की."

"दूध परत कधी शिल्लक होईल, तेवढं सांगता काय? म्हणजे नातेवाइकांना सांगायला बरं. रोज 'उद्या, उद्या' म्हणून माझी जीभ झिजली."

मी पंप थांबवला. हिरेमळ हे नाव मला ठाऊक होतं. यादीतलं शेवटचं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं, सांगलीहून एसटीनं तीन तास. ज्या आयांना दूध जास्त येतं त्या मिल्क बँकेला देतात, बँक ते तपासून, गोठवून ठेवते आणि दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी दवाखान्यांना पाठवते. पूर्वी दवाखाने फोन करायचे. ज्याची ओळख त्याला आधी, असं व्हायला लागलं म्हणून बँकेनं आमच्याकडून साइट करून घेतली. सकाळी अकरापर्यंत साइटवर मागणी टाकायची, अकराला यादी बंद, यादीप्रमाणे वाटप. फोनवर मागणी घेतली जाणार नाही.

मोबाइल खांद्याशी दाबून मी लॅपटॉप उघडला. हिरेमळ, मागणी शून्य. दहाही दिवस शून्य.

"सिस्टर, तुम्ही मागणी केलीच नाही."

"रोज करते की ओ!"

"इथं शून्य दिसतंय."

"मग मी खोटं बोलते काय? रोज सकाळी नऊला कॉम्प्युटर लावते, तुमचं पान उघडते, बाळाचं वजन भरते, किती मिलि. ते भरते, 'मागणी पाठवा' म्हणून बटण हाय, ते दाबते."

"दाबल्यावर काय होतं?"

"काय व्हायचंय? काहीच नाही. थोडा वेळ बसते, मग वॉर्डात जाते."

"मग तुम्हाला वाटलं नाही का, मागणी गेलीच नसेल म्हणून?"

सिस्टर हसल्या. रागानं नाही, लहान मुलाला हसावं तसं. "मॅडम, एकवीस वर्षं झाली सरकारी नोकरीला. आम्ही वर कागद पाठवतो. उत्तर नाही आलं, म्हणजे नाही म्हणाले. परत विचारायचं असतं होय?"

"सिस्टर, तुमच्या कॉम्प्युटरवर खाली डाव्या कोपऱ्यात काय आहे?"

"हिरवं बटण हाय. स्टार्ट लिहिलंय."

हिरवं. म्हणजे बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आणि त्यावर तितकाच जुना ब्राउझर. साइट दाखवणारा ब्राउझर जुना असला की नव्या भाषेत लिहिलेलं त्याला कळत नाही. पान दिसतं, अक्षरं दिसतात, बटणसुद्धा दिसतं. पण बटणामागचं काम त्याला वाचताच येत नाही. ते नुसतं बटणाचं चित्र.

ते बटण मी लिहिलं होतं.

"आज बाळ आहे का तिकडं?" मी विचारलं.

"हाय की. परवा झालेली मुलगी. एक किलो चारशे. आईला झटके आले म्हणून मिरजेला पाठवली. आजी बसून हाय जवळ. मोबाइलवरनं करा म्हणाल, तर माझा बटणाचाच हाय बघा."

दहा चाळीस झाले होते. मी वजन, मिलि., सगळं हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं, ओढणी सारखी केली आणि बाहेर आले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही सांगेन.

"किती जुना म्हणालीस? अगं, ज्यांनी तो बनवला त्यांनीसुद्धा सोडून दिला तो. त्याच्यातनं कुणीही आत शिरू शकतं. बाळांची माहिती आहे आपल्याकडं, आयांची नावं आहेत."

"पण सर, दवाखान्यात तोच आहे."

"मग दवाखान्यानं बदलावा. आपण कुठवर मागं जायचं? उद्या कुणी म्हणेल, माझ्याकडं तारयंत्र आहे, त्याच्यावर साइट दाखव. ठरवलं होतं ना आपण? तूच तक्ता आणला होतास. चाचणीच्या महिन्यात जुन्या ब्राउझरवरून किती जण आले?"

"शून्य."

"शून्य! एक टक्का नाही, अर्धा नाही. शून्य माणसांसाठी दोन दिवस काम करायचं नाही, असं ठरलं. तूच म्हणालीस."

मीच म्हणाले होते. जुन्या ब्राउझरवर सगळं तपासायचं, बटणं परत लिहायची, तर दोन दिवस लागले असते. त्या आठवड्यात आर्वीला ताप होता. मला साडेपाचला घरी जायचं होतं. शून्य पाहून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले होते.

"ते नंतर बघू, सर. आत्ता अकराच्या आत हिरेमळची मागणी मी माझ्या हातानं आत टाकते."

"असं करू नकोस. दवाखान्यानं न केलेली मागणी आपण टाकायची? हेच बंद करायला बँकेनं साइट घेतली ना? दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचं कमी होणार त्यात."

"केली होती त्यांनी. रोज केली."

"नोंद कुठाय?"

नोंद नव्हती. घड्याळात दहा पन्नास. मी बँकेच्या डॉ. अचलकर मॅडमना फोन लावला.

"त्रिशला, मी दहा दिवस बघतेय," त्या म्हणाल्या. "हिरेमळ शून्य, हिरेमळ शून्य. आम्हाला वाटलं, बरं झालं, तिकडं गरज नाही. त्यांचा वाटा इतरांना लावून दिला. आज माझ्याकडं खरोखर ओढाताण आहे. यादीत नाव नसेल तर मला पेटी उघडताच येत नाही, बाई. कुलूप तुम्हीच बनवलंय."

"यादीत नाव आलं तर?"

"आलं तर वाटणी होईल. सगळ्यांचं थोडं थोडं कमी होईल."

मी फोन ठेवला आणि बसले. सर मागं उभे होते. घाईत 'हिरेमळ' दोनदा चुकीचं लिहिलं. दहा छप्पनला मागणी गेली. सरांनी माझा हात धरला नाही आणि पाठही थोपटली नाही. एवढंच म्हणाले, "याचं उत्तर तुला द्यावं लागेल."

हिरेमळच्या वाट्याला नव्वद मिलि. आलं. चहाच्या कपात मावेल एवढं. पूर्वी एसटीच्या कंडक्टरबरोबर बर्फाची पेटी जायची, पण दहा दिवस पेटी नव्हती म्हणून तो बंदोबस्त मोडला होता. मी पेटी घेतली आणि साडेबाराच्या गाडीत बसले. आत्यांना फोन केला.

"यायला रात्र होईल, आत्या."

"आणि पोरीचं?"

"सकाळचं काढून ठेवलंय फ्रीजमध्ये. तेवढं पुरवा."

"पुरवते. कुणाचं काय झालंय?"

"अजून नाही झालेलं," मी म्हणाले.

तीन तास मी पेटी मांडीवर घेऊन बसले. गाडीत कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझा पान्हा फुटला. सकाळी पंप अर्ध्यात सोडला होता. ओढणीची घडी करून छातीशी धरली, ती भिजली. खिडकीबाहेर उसाचे फड संपून खडकाळ माळ लागला. मांडीवर दुसऱ्यांचं दूध गोठलेलं आणि अंगावर स्वतःचं वाया जाणारं. मी एकच गोष्ट घट्ट धरून होते. शून्य होतं. मी पाहिलं होतं. पाहून ठरवलं होतं. हिरेमळनं चाचणीच्या महिन्यात एकदा जरी पान उघडलं असतं तर मला दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर मी ते दोन दिवस काढलेच असते, तापातली पोर सोडून काढले असते. त्यांनी उघडलंच नाही, यात माझी काय चूक?

दवाखान्याच्या दारातच महादेवी सिस्टर उभ्या होत्या. ठेंगण्या, कपाळावर विभूतीची आडवी रेघ, पांढऱ्या साडीचा पदर खोचलेला.

"तुम्ही स्वतः आणलंत होय!" त्यांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली. "या की आत."

मुलगी पिवळ्या दिव्याखाली होती. माझ्या तळहाताहून थोडी मोठी. कातडी अशी की आतलं सगळं दिसेल. आजी जवळच्या बाकावर बसून तिच्या पायाकडं बघत होती, जणू नजर हटली तर ती जाईल. दूध कोमट व्हायला वेळ लागला. मग सिस्टरांनी उकळून ठेवलेलं एक छोटं चांदीचं बोंडलं घेतलं. "माझ्या पोरांचं हाय," त्या म्हणाल्या, "सरकारी कुठलं चांदीचं?" थेंब ओठाशी टेकवला. मुलीनं काहीच केलं नाही. दुसरा थेंब. मग तिची हनुवटी इवलीशी हलली आणि आजी एकदम हुंदका देऊन रडायला लागली.

तेव्हाच माझ्याही डोळ्यांत पाणी आलं असतं तर बरं झालं असतं. मी मात्र कॉम्प्युटर शोधत होते.

तो औषधांच्या खोलीत होता, फुलांच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. सिस्टरांनी पूजेचं वस्त्र काढावं तसं झाकण काढलं. खाली कोपऱ्यात हिरवं बटण.

"सिस्टर, एक विचारते. आधीच्या महिन्यात, साइट सुरू व्हायच्या आधी, चाचणी होती. तेव्हा तुम्ही उघडलीच नव्हती ना?"

मला 'नाही' ऐकायचं होतं. त्या एका शब्दासाठी मी तीन तासांचा प्रवास करून आले होते असं म्हटलं तरी चालेल.

"उघडली की. शिकायला नको? रोज उघडत होते," असं म्हणून त्यांनी फळीवरून एक लांबोडकी वही काढली. "सगळं लिहून हाय बघा. आम्हाला सवय असती."

निळ्या शाईत एकाखाली एक ओळी होत्या. 'साइट उघडून पाहिली. सर्व दिसते.' 'साइट उघडून पाहिली. सर्व दिसते.' पूर्ण महिनाभर. रविवारसुद्धा.

मी उभी होते ती स्टुलावर बसले. पान कुणी उघडलं की ते आमच्याकडं मोजलं जातं. मोजणारा एक छोटा तुकडा पानातच ठेवलेला असतो, तो हळूच कळवतो, एक आला म्हणून. तो तुकडाही मीच लिहिला होता. नव्या भाषेत. या कॉम्प्युटरला तो वाचता येत नव्हता. महादेवी सिस्टर महिनाभर रोज आमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना मोजायला ठेवलेला माणूस त्यांनाच बघून मुका होत होता. जे आले नाहीत त्यांनी हात वर करा, असं मी विचारलं होतं. एकही हात वर आला नाही म्हणून तक्ता केला होता.

"चहा टाकू काय? तुमचं तोंड उतरलंय."

"नको." मी वहीचं पान उलटलं. पहिली तारीख. 'मागणी केली. दूध आले नाही.' दुसरी. 'मागणी केली. दूध आले नाही.' तिसरी तीच. चौथी तीच. पाचव्या तारखेला ओळ मोठी होती.

'मागणी केली. दूध आले नाही. सौ. शोभा बिराजदार यांचे बाळ (मुलगा) दुपारी १२.१० वाजता गेले.'

सहावीला परत, 'मागणी केली.'

"हे…" मी बोट ठेवलं.

"सातव्या महिन्यातलं होतं. आईला दूधच उतरलं नव्हतं. पावडरीचं दिलं, तर पोट फुगलं. दुधानं वाचलंच असतं असं नाही ओ. एवढंसं होतं. पण आई लई आशेवर होती. रोज माझ्याबरोबर इथं यायची, तुम्ही बसलाय ना, त्याच स्टुलावर बसायची. म्हणायची, सिस्टर, आज बटण मला दाबू द्या. माझ्या हाताला यश येतंय का बघू."

"तिनं दाबलं?"

"दाबलं की. तीन दिवस तिनंच दाबलं."

मी उठून उभी राहिले. "सिस्टर, ते बटण मी बनवलंय. बँकेची नाही मी. ते बटण बनवणारी आहे."

मला वाटलं त्या आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला कुठंतरी पाठ टेकता आली असती. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मग तुम्हाला नक्की माहीत असणार! सांगा बरं, आमचं काय चुकत होतं? एकदा दाबायचं होतं का दोनदा? शोभा शेवटपर्यंत म्हणत होती, आपलंच काहीतरी चुकतंय. मी दोनदा दाबू दिलं नाही तिला. म्हटलं, बिघडेल."

"तुमचं काही चुकत नव्हतं."

"तसं कसं होईल?"

"तिचंही नाही. कुणाचंच काही चुकत नव्हतं, सिस्टर. ते बटण तुमच्यासाठी बनवलंच नव्हतं."

त्यांना ते नीट कळलं नाही असं मला तेव्हा वाटलं. त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली, मिटली, पोटाशी धरली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शोभाला हे सांगू नका. तिचं गाव जवळच हाय, पण जाऊ नका. आपल्या हाताला यश नाही, एवढं तिनं मानलंय. त्याच्यावर ती उभी हाय."

"पण ते खरं नाही."

"नसू दे."

निघण्याआधी मी वहीच्या त्या पानांचे फोटो काढले. सिस्टरांनी नको म्हटलं नाही.

ती पिवळ्या दिव्याखालची मुलगी पुढं महिन्याभरानं घरी गेली. सिस्टरांनी कळवलं. बर्फाची पेटी परत कंडक्टरबरोबर जायला लागली. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सगळे उभे राहिलो. सर माझ्याकडं बघायचं टाळत होते. सवयीनं म्हणाले, "जे आले नाहीत त्यांनी हात वर करा."

बाकीचे हसले. मी हात वर केला.

"तू तर समोर आहेस, त्रिशला."

"माझा नाही, सर."

मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. "काल तुम्ही नोंद विचारली होती."

ते वाचत गेले. 'सर्व दिसते, सर्व दिसते' वाचताना त्यांच्या कपाळावर आठी पडली, मग ती उलगडली, म्हणजे त्यांना मोजणीचं कळलं. मग पुढचं पान. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मोबाइल त्यांनी परत दिला, आणि ते हजेरीचं वाक्य मी त्या ऑफिसात परत ऐकलं नाही.

आर्वी आता दुसरीत आहे. कॉम्प्युटर दिसला की तिला आधी बटण दाबायचं असतं. "मी दाबू, आई? मी?" मी तिला दाबू देते आणि काहीतरी होईपर्यंत श्वास रोखून धरते.

त्या सकाळी मी जागेवर जाऊन बसले. हिरव्या बटणाचा एक कॉम्प्युटर स्टेशनरीच्या खोलीतच निघाला, माझ्या स्टुलामागच्या खोक्यात. तो पुसून लावला आणि जुन्या भाषेत सगळी बटणं परत लिहायला घेतली.

दोन दिवस लागतील असं मी सांगितलं होतं. दीडच लागला.